एका मालमोटारीची कैफियत



इतिहासाचा माणूस या व्यासपीठावर उभा राहिला की तो एखाद्या गडाविषयी, लढाईविषयी किंवा फार तर तहाविषयी बोलणार, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. आज मी एका मालमोटारीविषयी बोलणार आहे. विषय जाहीर झाल्यावर एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला बाजारात गाठून विचारले, "काय गुरुजी, निवृत्तीनंतर गॅरेज काढलेत की काय?" गॅरेज काढलेले नाही. परंतु अस्सल कागद कोणता आणि नक्कल कोणती, या प्रश्नावर ज्याने तीस-पस्तीस वर्षे घालवली, त्याच्यापुढे तोच प्रश्न गंजलेल्या पत्र्याच्या रूपाने आला तेव्हा त्याला तो टाळता आला नाही, एवढेच.

झाले असे. माझा एक भाचा बरीच वर्षे अमेरिकेतील आयोवा राज्यात राहतो. हा सारा मक्याच्या शेतीचा मुलूख. तिथे एका शेतावरील लिलावात त्याने १९५२ सालची, शेव्हरोलेट कंपनीची, अर्ध्या टनाची पिकअप विकत घेतली. पिकअप म्हणजे पुढे दोन-तीन माणसांपुरती बंद केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली हलकी मालमोटार. ही गाडी कोठाराच्या कडेला गवतात कित्येक वर्षे उभी होती. दारांखालचा पत्रा गंजाने खाल्लेला, हौद्याच्या फळ्या कुजलेल्या, आणि एका दारावर पुसट झालेली काही अक्षरे. भाच्याने मला फोन केला. "मामा, तुमचे आयुष्य जुन्या कागदांत गेले. तुम्हीच सांगा, हिला मूळ होती तशी करू, की आतून नवी करून रोजच्या वापरात काढू?"

मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "मुळाबरहुकूम कर. दुसरा विचारच नको."

हा सल्ला चुकीचा होता. कुठे आणि किती चुकला, ते ओघाने येईलच. आधी 'मूळ' या शब्दाने मला कसे चकवले, ते सांगतो.

पिकअप या गाडीचे मूळ शोधू लागलो तर ते कारखान्यात सापडेना. फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' ही मोटार १९०८ साली निघाली आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत पोचली. शेतकऱ्याने ती विकत घेतली आणि तिच्याकडे तो आपल्या नजरेने पाहू लागला. मागचे चाक जॅक लावून उचलायचे, त्यावर पट्टा चढवायचा आणि त्या पट्ट्यावर पाण्याचा पंप, लाकडे कापण्याची करवत, धान्य भरडण्याचे यंत्र, इतकेच काय, कपडे धुण्याचे यंत्रही चालवायचे, असे प्रकार तिथे सर्रास चालत. रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच या दोन अभ्यासकांनी १९९६ साली यावर एक सुंदर निबंध लिहिला आहे. यंत्र बनवणाऱ्याइतकेच ते वापरणाराही यंत्राला घडवतो, हा त्यांचा मुद्दा. याच शेतकऱ्यांनी आपल्या मोटारीची मागची बैठक काढून तिथे घरच्या घरी लाकडी खोका बसवला. दुधाचे कॅन, कोंबड्यांचे पिंजरे आणि बियाण्याची पोती त्यातून बाजाराला जाऊ लागली. लोक आपली मोटार कापून हे करतात, तर आपणच का विकू नये, असे कंपनीला उशिरा सुचले. १९२५ सालच्या एप्रिलमध्ये फोर्डने कारखान्यातूनच मागे पोलादी हौदा लावलेली मॉडेल टी विक्रीला काढली. हौद्याची लांबी ५६ इंच, किंमत २८१ डॉलर.

म्हणजे पाहा, कारखान्याची पिकअप ही खेड्यातल्या फेरफाराची नक्कल होती. आधी बदल आणि मागाहून मूळ, असा हा उलटा वंशवृक्ष आहे. हे मला ठाऊक असते तर "मुळाबरहुकूम" हा शब्द माझ्या तोंडून इतक्या ऐटीत निघाला नसता.

आता आमच्या या गाडीकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ सालच्या आरंभी, अमेरिकेने नागरी मोटारींचे उत्पादन थांबवले. युद्ध संपल्यावर काही काळ युद्धपूर्व नमुनेच पुन्हा निघत राहिले. शेव्हरोलेटने नव्या घडणीची मालमोटार २८ जून १९४७ रोजी बाजारात आणली आणि थोड्याफार बदलांसह ती १९५५ च्या आरंभापर्यंत चालवली. गोल खांदे, पुढे पाच आडव्या पट्ट्यांची जाळी आणि तीन माणसे मांडीला मांडी लावून बसतील अशी रुंद केबिन. हॉलिवूडच्या चित्रपटात शेतावरची गाडी दिसली तर पुष्कळदा ती हीच असते.

तिच्या एंजिनाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण नव्या-जुन्याचा सगळा झगडा तिथे आहे. एका रांगेत सहा सिलिंडर, सुमारे साडेतीन लिटर आकारमान आणि ९२ अश्वशक्ती. १९२९ साली शेव्हरोलेटने पहिले सहा सिलिंडरचे एंजिन काढले, त्याच घराण्यातले हे. त्याचे बोल्ट शेगडीच्या बोल्टांसारखे दिसत, म्हणून लोकांनी घराण्याला 'स्टोव्हबोल्ट' असे नाव ठेवले आणि ते चिकटले. याच्या दांड्यांतील बेअरिंगे आजच्यासारखी सुटी, बदलण्याजोगी नव्हती. बॅबिट नावाचा मऊ मिश्रधातू वितळवून ती जागेवरच ओतलेली असत. तेल पोचवण्याची रीत तर पाहण्यासारखी. प्रत्येक दांड्याच्या तळाशी संध्येच्या पळीसारखा एक लहानसा चमचा. एंजिन फिरू लागले की हे सहा चमचे तळाच्या तेलात बुडतात, तेल उचलतात आणि बेअरिंगांत सारतात. तेलाचा दाब चौरस इंचाला पंधरा पौंडांच्या आसपास. आजच्या मेकॅनिकला हा आकडा सांगितला तर तो एंजिन ताबडतोब बंद करायला सांगेल. पण ताशी ४०-४५ मैलांच्या चालीला ही योजना उत्तम होती, आणि त्या काळी आयोवातल्या कच्च्या रस्त्यांवर त्याहून वेगाने जायचे कोणाला होते? मागच्या आसाचे गुणोत्तर ४.११. म्हणजे चाक एकदा फिरायला एंजिनाचा मुख्य दंड चारांहून अधिक वेळा फिरणार. पोती भरून चढ चढायला हे फार चांगले; पण ताशी ७० मैल वेगमर्यादेच्या आजच्या हमरस्त्यावर ते बिचारे एंजिन अक्षरशः किंचाळते.

बाकीचा संसारही त्याच मापाचा. वीज सहा व्होल्टची, त्यामुळे दिव्यांचा उजेड पिवळट. काच पुसण्याचे हात एंजिनाच्या शोषणावर चालत. चढावर एंजिनावर ताण आला की भर पावसात ते मलूल होत. ब्रेक द्रवाच्या दाबाचे खरे, पण चारही चाकांना मिळून एकच वाट. ती कुठेही फुटली तर पायाखालचा ब्रेक संपलाच.

भाच्याने कामाला सुरुवात केली आणि आठवड्या-पंधरवड्याला त्याचे प्रश्न येऊ लागले. "मामा, मागे दिवा एकच आहे, डाव्या बाजूला. उजवा हरवला असेल का?" शोधल्यावर कळले की त्या वर्षी कंपनी एकच मागचा दिवा देई, दुसरा हवा असल्यास वेगळे पैसे. हीटर वेगळा, रेडिओ वेगळा. तेव्हा मूळ म्हणजे कोणते? यादीतल्या सगळ्या सुखसोयी असलेली गाडी, की काटकसरी शेतकऱ्याने घेतलेली एका दिव्याची? पुढे त्याने झगझगीत क्रोमचा बंपर मागवला आणि तो आला त्याच आठवड्यात आमच्या वाचनात आले की १९५० ते १९५३ या कोरियन युद्धाच्या काळात क्रोम आणि निकेल यांची चणचण होती, म्हणून १९५२ च्या मालमोटारींवरची चकाकी जवळजवळ नाहीशी झाली होती. बंपरला रंग, जाळीला रंग, चाकांच्या टोप्यांनाही रंगच. प्रदर्शनांत आज ज्या १९५२ च्या गाड्या आरशासारख्या चमकतात, त्यांच्या अंगावरून एक सबंध युद्ध पुसून टाकलेले असते. हौद्याच्या तळाचेही तेच. कारखान्यात तिथे साध्या पाइन लाकडाच्या रंगवलेल्या फळ्या आणि मधून पोलादी पट्ट्या असत. त्यावर फावडी घासायची, खत पडायचे. आज हौशी मंडळी तिथे ओकच्या फळ्या बसवून त्यांना दिवाणखान्यातल्या मेजासारखे पॉलिश करतात, आणि मग त्या हौद्यात भाजीची पिशवी ठेवायचीही त्यांना भीती वाटते! याला ते मूळ रूप म्हणतात.

हा वाद मोटारींनी सुरू केलेला नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात जुन्या चर्चच्या दुरुस्तीवरून तो पेटला होता. फ्रान्समध्ये व्हिओले-ल-द्युक या वास्तुशास्त्रज्ञाचे म्हणणे असे की, जीर्ण वास्तूला परिपूर्ण रूप द्यावे, मग ते रूप पूर्वी प्रत्यक्षात कधी नसले तरी चालेल. इंग्लंडात जॉन रस्किनने १८४९ मध्ये याच्या नेमके उलट मत मांडले होते: अशी पुनःस्थापना म्हणजे वास्तूचा नाशच, तिला सांभाळा, टेकू द्या, पण तिचे वय पुसू नका. यात गंमत अशी की, व्हिओले-ल-द्युकने पॅरिसच्या नोत्र दाम चर्चवर १८५९ साली आपल्या कल्पनेने उभारलेला मनोरा १५ एप्रिल २०१९ च्या आगीत कोसळला, तेव्हा फ्रान्सने तो त्याच्याच आराखड्याबरहुकूम पुन्हा उभा केला आणि २०२४ च्या डिसेंबरात चर्च उघडले. काल ज्याला उपटसुंभ म्हटले, ते आज मूळ झाले. आपल्याकडे जीर्णोद्धार हा शब्द पुण्यकर्माचा आहे आणि त्याविषयी सभेत काही बोलणे धोक्याचे. तरी काळ्या पाषाणाच्या खांबांना ऑइलपेंट फासलेला आणि गाभाऱ्यात गुळगुळीत फरशी बसवलेली आपण सर्वांनीच पाहिली आहे. तिथेही हेतू भक्तीचाच असतो.

मोटारींच्या बाबतीत मात्र हा प्रश्न एकदा थेट न्यायासनापुढे गेला. तो खटला मला फार उद्बोधक वाटतो. 'ओल्ड नंबर वन' या नावाची एक बेंटले शर्यतगाडी होती. फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत तिने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. त्यानंतर शर्यतींच्या गरजेप्रमाणे तिचे भाग बदलत गेले. १९३२ साली तिला आठ लिटरचे मोठे एंजिन बसवले आणि त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर ती कठड्यावरून बाहेर गेली. चालक क्लाइव्ह डन्फी ठार झाला. त्यानंतर ती पुन्हा बांधली गेली, तीही बंद टपाची प्रवासी गाडी म्हणून. १९९० साली ती सुमारे एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला. पण ल मान्सच्या गाडीचे हिच्यात फारच थोडे उरले आहे, म्हणजे ही ती गाडीच नव्हे, असे म्हणून खरेदीदार मागे फिरला. प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेले. तज्ज्ञांनी एकेक भाग तपासला. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला तो असा की, १९२९ सालचे सगळे भाग असलेली या अर्थाने ही गाडी 'मूळ' नाही; परंतु तिचे अस्तित्व कुठेही खंडित झालेले नाही, एकातून दुसरे रूप असे ते सलग चालत आले, म्हणून 'ओल्ड नंबर वन' हे नाव लावण्याचा हक्क हिलाच आहे.

मूळ आणि अस्सल हे दोन शब्द न्यायमूर्तींनी वेगळे केले. आम्हां कागदपत्रांच्या मंडळींना हे फार आधी सुचायला हवे होते. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला सुरुवात केल्यापासून आपण हेच शिकत आलो की, अस्सल कागदावर मागाहून पडलेले शेरे, शिक्के, कोपऱ्यातला हिशेब, हे सारे कागदाचाच भाग असते. समासातला शेरा कागद लिहिला त्या दिवशी नव्हता, म्हणून तो खोडून काढणाऱ्या संशोधकाला आपण काय म्हणू?

मी नेमके तेच केले.

भाच्याने एके दिवशी एंजिन धुऊन काढले आणि त्याच्या ओतीव लोखंडावरचे आकडे मला कळवले. शेव्हरोलेटच्या ओतशाळेत एंजिनावर एक इंग्रजी अक्षर, मग तारीख आणि शेवटी वर्षाचा फक्त एकम स्थानचा आकडा उमटवण्याची पद्धत होती. अक्षर महिन्याचे: 'ए' म्हणजे जानेवारी, 'बी' म्हणजे फेब्रुवारी, याप्रमाणे. याच्यावर वर्षाच्या जागी ८ होता. १९५२ च्या गाडीवर ८! तेव्हा हे १९४८ चे की १९५८ चे? शकाचे आकडे अर्धवट फाटलेल्या पत्रापुढे बसावे तसे आम्ही दोघे त्यापुढे बसलो. शेवटी पुरावा एंजिनाच्या पोटातच मिळाला. दांड्यांना पळ्या नव्हत्या. सुट्या बेअरिंगांची, पूर्ण दाबाने तेल देणारी व्यवस्था होती, आणि ती शेव्हरोलेटने मालमोटारींत १९५४ पासून आणली. म्हणजे एंजिन १९५८ चे, थोड्या मोठ्या आकाराचे. त्या शेतकऱ्याने जुने एंजिन थकल्यावर त्याच घराण्यातले नवे बसवले होते. त्या काळी हा बदल खेडोपाडी होई.

हे उलगडण्याआधीच मी भाच्याला सांगून चुकलो होतो की, एंजिन नंतरचे असेल तर काढ आणि १९५२ चे मिळव. त्याने बिचाऱ्याने भंगारवाल्याकडून एक आणलेही. मग तोच म्हणाला, "मामा, हे दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीतले आहे. ते हिचे मूळ कसे?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. सुदैवाने ते एंजिन अजून त्याच्या कोठीत पडून आहे आणि शेतकऱ्याने बसवलेले गाडीत आहे.

असाच प्रश्न आपल्या दाराशीही उभा आहे. शेव्हरोलेटची मालक कंपनी जनरल मोटर्स हिने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. अमेरिकेतून खोक्यांत भाग येत आणि इथल्या कामगारांच्या हातून त्यांच्या मोटारी आणि मालमोटारी होत. १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवले की, ज्यांना इथे क्रमाक्रमाने खरे उत्पादन करायचे आहे त्यांनीच राहावे. जनरल मोटर्सने १९५४ साली शिवडीचा कारखाना बंद केला. फोर्डनेही मुंबईतला आपला कारखाना गुंडाळला. मागे राहिल्या त्या हजारो गाड्या आणि त्यांना जिवंत ठेवणारे मिस्त्री. सुटे भाग मिळेनात आणि पेट्रोल परवडेना. त्याच दशकात मद्रासच्या सिम्प्सन कंपनीत पर्किन्सची डिझेल एंजिने तयार होऊ लागली होती. मग कितीतरी पेट्रोलच्या शेव्हरोलेट, फोर्ड आणि डॉज मालमोटारींच्या पोटात पर्किन्सचे एंजिन बसले आणि त्या आणखी वीस-वीस वर्षे ऊस, कांदा आणि लग्नाची वऱ्हाडे वाहत राहिल्या.

अशी एखादी गाडी आज कोणाच्या वाड्यात निघाली तर तिचे काय करायचे? केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ रोजी जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या, खाजगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना 'व्ही ए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो; नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. अट अशी की, गाडी मूळ स्वरूपात असावी. सांगाडा, टप किंवा एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. जुन्या नावाखाली नवी गाडी रस्त्यावर येऊ नये, हे योग्यच. पण शब्द काटेकोरपणे वाचले तर पर्किन्सवाली शेव्हरोलेट या व्याख्येबाहेर पडते. तिचे डिझेल एंजिन उपटून परदेशातून पेट्रोलचे मागवले तर कदाचित ती आत येईल, पण मग १९५४ नंतर या देशात काय घडले ते सांगणारा पुरावा तिच्यात उरणार नाही. नियमाच्या त्या वाक्यात एका उपकलमाची भर घालायला हवी, असे मला प्रामाणिकपणे वाटते: जो फेरफार स्वतःच पन्नास वर्षांहून जुना आहे आणि ज्याचा पुरावा आहे, तो दोष धरू नये.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, म्हणजे काहीही बदलले तरी चालेल म्हणता?" तसे मुळीच नाही. आज अमेरिकेत या पिकअपांवर जी कारागिरी चालते तिचे एक नाव आहे, 'रेस्टोमॉड'. केबिन आणि बॉनेट तेवढे ठेवायचे. खाली नवा सांगाडा. १९७४ ते १९७८ च्या मस्टँग गाडीच्या धर्तीचे पुढचे सस्पेन्शन. शेव्हरोलेटचेच, पण १९५५ किंवा १९९७ नंतरच्या घराण्यातले आठ सिलिंडरचे एंजिन. आपोआप बदलणारे गिअर, वातानुकूलन, सगळे. ही माणसे अडाणी नाहीत, आणि मोटारी कापून वेगवान करण्याची अमेरिकन परंपराही पोरवयाची नाही. तिचे मासिक 'हॉट रॉड' १९४८ साली निघाले. १९५५ च्या सुमारास एखाद्या तरुणाने आपल्या हाताने बांधलेली अशी गाडी आज स्वतःच जपण्याजोगी वस्तू आहे. माझी तक्रार वेगळी आहे. काढलेला सांगाडा कापून भंगारात जातो, जुने एंजिन वितळते, आणि काय काढले याची नोंद कोणी ठेवत नाही. जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाने २०१२ साली तुरीन येथील सनद म्हणून जी संहिता स्वीकारली तिचा रोख इथेच आहे: बदल करावा लागला तर तो परत फिरवता येईल असा करा, नव्या भागावर खूण ठेवा, लिहून ठेवा.

आणि बदल करावे लागतात. पहिल्या उन्हाळ्यात भाचा गाडी घेऊन नदीकडच्या उतारावर निघाला असता ब्रेकची एक नळी फुटली. वाट एकच, त्यामुळे चारही चाके मोकळी. हँडब्रेक आणि खालचा गिअर यांच्या जोरावर त्याने गाडी कशीबशी मक्याच्या शेतात घातली. शेजारी त्याची बायको होती. तिने त्या दिवसापासून मूळ ब्रेकच्या गाडीत बसणार नाही असे जाहीर केले आणि माझ्या मते या सबंध प्रकरणातले सर्वांत शहाणपणाचे मत तिचेच. आता तिथे पुढच्या आणि मागच्या चाकांना दोन स्वतंत्र वाटा असलेला ब्रेकचा पंप आहे आणि बैठकीला पट्टे आहेत. जुना पंप चिठ्ठी बांधून पेटीत ठेवला आहे. उलट, विजेच्या बाबतीत मित्रांनी बारा व्होल्टचा फार आग्रह केला, कारण गाडी सकाळी सुरू होत नसे. शोधाअंती दोष निघाला तो कोणीतरी घातलेल्या बारीक तारांचा. सहा व्होल्टवर तेवढ्याच कामाला दुप्पट प्रवाह लागतो, त्याला तारही जाड हवी. जाड तार घातली आणि थंडीतही एंजिन सुरू होऊ लागले. ४.११ चा आसही तसाच ठेवला आहे; हमरस्ता टाळून तो शेतामधल्या रस्त्यांनी ४५ मैलांनी जातो.

राहता राहिले ते दार.

अगदी आरंभी, पहिल्याच महिन्यात, त्याने मला विचारले होते, "मामा, दारावर पिवळसर अक्षरे दिसताहेत. कोणत्या तरी धान्यगिरणीचे नाव असावे. काय करू?" मी विचारले, "कारखान्यात रंगवलेली आहेत का?" तो म्हणाला, "नाही, हाताने रंगवलेली आहेत." मी म्हणालो, "मग मुळाची नव्हेत. काढ." त्याने दार पत्र्यापर्यंत खरवडले आणि कंपनीचा त्या काळचा गर्द हिरवा रंग दिला. छायाचित्र पाठवले तेव्हा मी त्याला शाबासकीही दिली.

पुढच्या वर्षी पेट्रोलपंपावर एक म्हातारी बाई त्याच्या गाडीपाशी येऊन थांबली. ऐंशीच्या पुढची असावी. तिने हौद्याच्या कडेवर हात ठेवला, एका बाजूची जुनी जोडपट्टी बोटाने चाचपली, मग दारासमोर येऊन म्हणाली, "यावर नाव होते. ते कुठे गेले?" लहानपणी ती या गाडीच्या हौद्यात पोत्यांवर बसून गिरणीत जात असे. गिरणी केव्हाच पाडली; नाव तिला अर्धेच आठवत होते.

लिलावाच्या वेळचे एक छायाचित्र भाच्यापाशी आहे. त्यात दाराचा खालचा भाग उंच गवताने झाकलेला असून वरची ओळ तिरप्या उन्हात उजळून गेली आहे. नीट वाचता येतात ती चार अक्षरे. एका रंगाऱ्याने उरलेली अंदाजाने भरून जुन्या वळणात नाव रंगवून देतो असे सांगितले. भाच्याने पुन्हा मला फोन केला. मी नको म्हणालो, आणि या वेळी का नको तेही त्याला समजावून सांगितले. ते छायाचित्र त्याने त्या बाईने सांगितलेल्या मजकुरासह पाकिटात घालून गाडीच्या खणात ठेवले आहे. दार अजून नुसते हिरवे आहे. बाकीच्या गाडीच्या मानाने ते फार स्वच्छ दिसते.